उकंडरावांच्या विहिरीवरची पाटी

तातेराव सरांना पाच मिनिटं एका जागी बसलेलं त्यांच्या शाळेत कुणी पाहिलेलं नाही. शिकवताना फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत त्यांच्या अशा येरझारा चालतात, की आठवीची पोरं म्हणतात, आपले सर एका तासात सेनगावला जाऊन येतात. पण गेल्या मार्चमधल्या येरझारा निराळ्या होत्या. त्या वर्गाबाहेरही थांबत नव्हत्या.

सुरुवात त्यांनी हौसेनं केली होती. परीक्षेआधीची उजळणी, आणि पोरं पेंगायला लागलेली. सरांनी टेबल मधोमध ओढलं आणि जाहीर केलं, "आज वास्को द गामावर खटला. मोठा शोधक, की लुटारू? बोला!" पोरं ताडकन जागी झाली. एका बाजूनं सांगितलं, दहा महिने समुद्रात काढून माणूस हिंदुस्थानात पोचला, हे काय खायचं काम आहे? दुसऱ्या बाजूनं सांगितलं, पुढच्या खेपेला त्यानंच यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. सर खुशीत हात चोळत होते. मग प्रतिक्षा उठली. ही मुलगी एरवी तोंड उघडत नाही, पण उघडलं की मिटवत नाही.

"सर, आफ्रिकेपासून इकडं आणणारा वाटाड्या दुसराच व्हता, असं तुमीच सांगितलं. त्याला वाट पहिल्यापासून ठावं व्हती. मंग शोध कुणाचा? अन् त्याचं नाव पुस्तकात काहून न्हाई?"

"त्याचं नाव नक्की कुणालाच सांगता येत नाही, बाळा."

"कुणी विचारलंच नसल."

वर्ग हसला. सरांच्या हातातला खडू मोडला. "निकाल सोमवारी," असं म्हणून ते बाहेर पडले. घंटा व्हायला अजून वीस मिनिटं होती.

आता एका पोरीच्या प्रश्नानं पन्नाशीला टेकलेला मास्तर एवढा का हादरावा? त्याचं कारण सरांच्या ओसरीवर वाळत पडलं होतं. पत्र्याची पाटी, त्यावर लाल ऑइलपेंटनं सरांच्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'बहात्तरच्या दुष्काळात गाव जगवणारी विहीर. शोधकर्ते पाणाडी कै. उकंडराव.' उकंडराव म्हणजे सरांचे वडील. पाणाडी म्हणजे पाण्याची जागा सांगणारा. तळहातावर आडवा नारळ घेऊन ते रान तुडवायचे. जिथं नारळ उभा राहील तिथं कुदळ मारायची. बहात्तर साली साऱ्या शिवारात थेंब नव्हता, तेव्हा त्यांचा नारळ नाल्याकाठी उभा राहिला, तिथं विहीर खणली आणि पाणी लागलं. तेव्हापासून रिवाजच पडला. दर पाडव्याला गाव विहिरीचा गाळ काढतं आणि पहिली घागर वाजतगाजत उकंडरावांच्या घरी जाते. यंदा पाडव्याला पाटीही लागायची होती. सरांचे थोरले भाऊ बालाजी यांनी स्वतःच्या खर्चानं पत्रा आणला होता.

आणि सरांना एक गोष्ट ठाऊक होती, जी बालाजीला ठाऊक नव्हती. आठ वर्षांपूर्वी शेवटच्या दुखण्यात म्हाताऱ्यानं त्यांना एकट्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "नारळ मी उभा केला रे. जागा मिरानं दाखवली." मिरा म्हणजे मिराबाई, तेव्हाची एका सालगड्याची बारा वर्षांची पोर, शेळ्या राखणारी. याच प्रतिक्षाची आजी.

आठ वर्षं सरांनी ही गोष्ट गिळून ठेवली होती. आता ती वर येऊ लागली. पोरीला माहीत आहे का? मुद्दाम बोलली का? पाटीजवळून जाताना ते तोंड फिरवायचे, आणि पुन्हा काही निमित्त काढून तिथंच यायचे. बायकोनं विचारलं, काही हरवलंय का? सर तिच्यावर विनाकारण खेकसले, मग स्वतःवरच चिडले. इतरांचा इतिहास शिकवायला काय लागतं? रविवारी दुपारी चपला अडकवून ते तडक मिराबाईच्या दारात गेले.

म्हातारी सुपात तूर निवडत बसली होती.

"आत्या, विहिरीची जागा तुमी दाखवली होती ना?"

सुपातला हात थांबला. "कोन म्हणलं?"

"बाबांनी. जाताना."

"सांगितलं म्हणायचं त्यानं." मिराबाई पुन्हा निवडू लागली. "ऐन चैतात तिथली हराळी हिरवीगार राहायची. शेळ्या तिथून हलत नव्हत्या. मी समद्यायला सांगितलं, माझ्या बापालाबी. सालगड्याच्या पोरीचं ऐकून कोन कुदळ मारतंय? तुझ्या बापानं तेवढं ऐकलं. दिसभर माझ्या शेळ्यांत बसला, माती हुंगली. दुसऱ्या दिशी नारळ घेऊन आला, अन् नारळ बराबर तिथंच उभा!" ती खुदकन हसली. "नारळ नसता तर गाव खणलं नसतं, तात्या. हेबी खरं हाय."

"प्रतिक्षाला सांगितलंय तुमी?"

"कुणालाच न्हाई. काय सांगायचं?"

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणालाच माहीत नाही! पाटी आहे तशी लागेल, बापाचं नाव राहील, बालाजी खूश. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःच्या त्या श्वासाची लाज वाटली. उठावं की बसावं ते कळेना.

मिराबाई सुपाकडं बघतच म्हणाली, "एक मातर इसरले न्हाई. पाणी लागलं त्या दिशी पहिली घागर तुझ्या मायनं नेली. माझी रांगेत शेवटची. नंबर आला तवा निस्ता गाळ. तुझा बाप तिथंच उभा व्हता, गळ्यात हार घालून. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई."

सर घरी आले आणि त्यांनी लाल रंगाचा डबा फोडला. 'शोधकर्ते' हा शब्द खरवडून काढला. खाली एक ओळ वाढवली: 'जागा दाखवणारी मिराबाई.' बालाजी आला, वाचलं आणि त्याच्या कपाळाची शीर तडतडली.

"बाप मेल्यावर त्याच्यावर खटला भरून राहिला का, तात्या?"

"खटला न्हाई दादा. त्यानं मला सांगितलं, मी लिहून राहिलो."

"कशाला? म्हातारीनं मागितलंय का?"

"न्हाई मागितलं. म्हणून तर."

बालाजी पाटीवर थुंकला नाही एवढंच. सोमवारी वर्गात निकाल लागला नाही. "एक साक्षीदार राहिलाय. पाडव्याला विहिरीवर या," सर म्हणाले आणि दाराकडं चालू लागले.

पाडव्याला गाळ निघाला, हलगी वाजली, पाटीवरचं फडकं सरकलं. वाचणाऱ्यांनी वाचलं आणि हलगी आपोआप मंदावली. कुणी बालाजीकडं बघत होतं, कुणी मिराबाईकडं. बालाजीनं मान फिरवली. सरांनी पहिली घागर खांद्यावर घेतली आणि मिराबाईपुढं नेऊन ठेवली.

"आता गुडघे दुखतेत," ती म्हणाली. "घरला नेऊन ठिव."

सर घागर तिच्या घरी पोचवून आले आणि स्वतःची रिकामी घागर घेऊन रांगेत सगळ्यांच्या मागं उभे राहिले. गाव बघत राहिलं. सरांना बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच पाय स्थिर होते. खोटं कशाला सांगा, स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

तिकडं मिराबाई पाटीजवळ गेली होती. तिला वाचता येत नाही. "माझं नाव कुठं हाय? बोट ठिव माझं," ती नातीला म्हणाली. प्रतिक्षानं आजीचं बोट धरून खालच्या ओळीवर ठेवलं. म्हातारीनं नाव सावकाश चाचपलं. मग "अन् उकंडरावाचं?" असं विचारून तिनं वरच्या ओळीवर हात नेला. ते नाव तिच्या अख्ख्या पंजात मावेना. खालचं एका बोटाखाली झाकलं जात होतं.

तिनं रांगेच्या शेवटाकडं मान वळवली.

"तात्या," ती हाक मारून म्हणाली, अगदी मायेनं, "माझं लई बारीक लिवलं रे."

सगळी रांग वळून बघू लागली. प्रतिक्षा सरांकडं बघत होती. सरांनी घागर खाली ठेवली, रांगेतला नंबर सोडला आणि रंगाचा डबा आणायला ते घराकडं निघाले.