उतरलेल्या सेलवरचं बदक

बावतीस गेल्याचं सिसिलियावहिनींनी फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "त्यांच्या खेळण्यांचं काय करायचं ते तुम्हालाच बघावं लागेल, भावजी." रडावं की होकार द्यावा, मला कळेना. होकार दिला.

आमची ओळख बँकेतली. मी फुलपाड्याचा, तो भुईगावचा. निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात किंवा गुडघ्यांकडे. हा भंगारवाल्याकडे वळला. बोलणारी बदकं, गाणारे टेलिफोन गोणीतून आणायचा, त्यांची पाठ उघडायचा आणि आतल्या सर्किटवर ओलं बोट फिरवत बसायचा. एखाद्या ठिपक्यावर बोट टेकलं की बदक अडखळायचं, घोगरं होऊन कण्हायचं. मग त्या ठिपक्याला तार, तारेला बटण... झालं वाद्य. "ह्याला संगीत म्हणायचं?" मी विचारायचो. "काही म्हणू नको, ऐक." ऐकायचो. कळायचं नाही. शोकसभेत एका वक्त्याने त्याला 'नादयोगी' म्हटलं, तेव्हा बावतीस तिथे असता तर त्याने मागे वळून पाहिलं असतं, कुणाबद्दल चाललंय म्हणून.

चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर वहिनींनी मला माडीवर नेलं. तिथे आता मुलगा-सून राहायला येणार होते. खेळणी जमिनीवर मांडलेली. "तयार झालेली ठेवू, बिघडलेली देऊन टाकू. कोणती कुठली ते सांगा." मी बटणं दाबू लागलो. टेलिफोन किंचाळला, तो तयार होता की अर्धवट? एक मोटार नुसती खरखरत होती. ती त्याची सर्वांत उत्तम कामगिरीही असू शकत होती. शेवटी बदक उचललं. त्याचं कण्हणं तरी माझ्या ओळखीचं होतं. बावतीसने बसवलेलं लाल बटण दाबलं, तर ते टुणटुणीत आवाजात एबीसीडी म्हणून गप्प बसलं.

"सगळ्या खेळण्यांत नवे सेल घातलेत मी," वहिनी म्हणाल्या. "जुन्यांवर रडत होती बिचारी. जुने फेकले."

तेव्हा आठवलं, बावतीस कधीच नवे सेल घालायचा नाही. रिमोटमधले, टॉर्चमधले उतरलेले घालायचा. मी ती बँकवाल्याची काटकसर समजत होतो. आता वाटलं, ते कण्हणं तारेत होतं की सेलात? की दोन्हीत? वहिनींना हे सांगितलं. त्या खाटेवर बसल्या.

"म्हणजे त्यांचा आवाज मीच घालवला?"

"माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही."

त्या दिवशी काहीच द्यायचं ठरलं नाही. परवा पुन्हा गेलो, तर ओटीवरचं घड्याळ बरंच मागे पडलेलं. सेल बदलतो म्हणालो.

"राहू दे. नीट उतरला की बदकात घालून बघू."

"फार उतरला तर बदक बोलणारच नाही."

"मग किती उतरायला हवा?"

हे बावतीसला ठाऊक असणार. आम्ही दोघं घड्याळाच्या काट्याकडे बघत बसलो.