अंगठ्यानं फिरलेला बांध

माझ्या फजित्या ऐकायच्या असतील तर भिगवणपासून बावड्यापर्यंत कुठल्याही टपरीवर माझं नाव काढा. मोटारसायकलसकट कालव्यात पडलो ती, भलत्याच मांडवात आहेर करून, जेवून, वर नवरदेवाला चार उपदेश करून आलो ती, कुत्रं चावल्याचं इंजेक्शन घ्यायला गेलो तर दवाखान्याच्या दारात दुसरं चावलं ती — सगळ्या लोकांना पाठ आहेत. मीच सांगितल्यात. माणूस स्वतःवर हसायला लागला की लोक त्याला खरा समजतात. हे मला फार लवकर कळलं, आणि मी त्याचा उपयोगही केला.

पण एक गोष्ट त्या साठ्यात नाही. बायकोला माहीत नाही. आईला सांगायची राहिली, आणि आता ती ऐकायला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तात्यांनाही ओळखत नाही — ते जास्त महत्त्वाचं.

फोनपासून सुरुवात करतो. तिथून सोपं जातं.

मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होतो. नावात बॉय, वय चाळीस, वजन विचारू नका. काम असं — कुणी कुठल्या रानात कधी ऊस लावला याची नोंद धरायची, आणि पाळी आली की त्या रानात तोडणीची टोळी धाडायची. पूर्वी हे वहीवर चालायचं. लिंबाखाली बसलं की चहाच्या एका कपात दहा नोंदी. मग कारखान्यानं अ‍ॅप आणलं. आता म्हणे प्रत्येक प्लॉटवर स्वतः जायचं, चारी बांध पायानं फिरायचे, फोन उपग्रहाला विचारून नकाशा काढणार. आणि शेवटी तो एक प्रश्न विचारायचा — ‘शेतकरी समक्ष हजर?’ तिथं होय वर बोट ठेवलं की नोंद पक्की.

चैत्रातलं ऊन, ढेकळांचं रान आणि माझा देह. कसं जमायचं?

फोनला आपण नसलेल्या जागी आहोत असं भासवता येतं, हे मला एका व्हिडिओतून कळलं. पण कारखान्याचं अ‍ॅप तेवढं भोळं नव्हतं, साधी लबाडी लगेच पकडायचं. त्याला फसवायचं तर फोन रूट करायला हवा. म्हणजे असं बघा — कंपनी घर आपल्याला विकते, पण आतल्या एका खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवते. ते कुलूप उघडून ती खोली ताब्यात घ्यायची. मग फोन तुमचं ऐकतो, दुसऱ्या कुणाचं नाही.

फोन नवा कोरा होता. बारामतीहून आणून आठ दिवस झालेले, पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा मी काढलं नव्हतं. कुलूप उघडायला कंपनीकडं अर्ज करावा लागतो, आणि कंपनी सात दिवस थांबायला लावते. घटस्फोटाला देतात तशी — विचार करायला मुदत. मी विचार केला का? मी दिवस मोजले.

आठव्या दिवशी बायको माहेरी होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जुना लॅपटॉप ठेवला, वायर जोडली. फोननं बजावलं — आतलं सगळं पुसलं जाईल. होय. वॉरंटी संपेल. होय. पुढं जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. होय, होय, होय. एवढ्या वेळा होय मी लग्नातही म्हणालो नव्हतो. मग फोन कंपनीच्या नावावर येऊन जो अडकला तो सकाळी अकरापासून चारपर्यंत. तेच नाव, विझायचं, पेटायचं. मारुतीला नारळ बोललो. साडेचारला तो उठला.

उठला, पण पहिल्यांदा एक काळा पडदा दाखवून. त्यावर उघड्या कुलपाचं चित्र आणि इंग्रजीत मजकूर — या फोनचं कुलूप उघडलेलं आहे, याच्यावर भरवसा ठेवू नये. तो पडदा काही केल्या जाईना. दरवेळी फोन चालू केला की पाच सेकंद यायचाच. पाच सेकंद माझा फोन खरं बोलायचा, मग दिवसभर माझं ऐकायचा.

बँकेच्या अ‍ॅपनं मला त्याच दिवशी ओळखलं आणि उघडायचं नाकारलं. कारखान्याच्या अ‍ॅपनं नाही ओळखलं.

पुढचे दोन महिने — काय सांगू — राजा होतो मी. भिगवणला हायवेच्या कडेला एका हॉटेलात पंख्याखाली बसायचो. उजव्या हातात तळलेला चिलापी मासा, डावा अंगठा फोनवर. तिकडं बावड्याच्या शिवारात माझा निळा ठिपका बांधाबांधानं चालायचा. घाम नाही, चिखल नाही, ठेच नाही. मधेच त्याला बांधावर थांबवायचो, लघवीला थांबल्यासारखं, म्हणजे खरं वाटावं. महिन्याच्या मीटिंगमध्ये शेतकी अधिकारी म्हणाले, “दत्ताकडं बघा जरा. उन्हात फिरून फिरून काळा पडलाय.” मी जन्मापासून काळा आहे. मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

आता तात्या.

तात्या म्हणजे बावड्याजवळच्या एका वस्तीवरचे सत्तरीतले शेतकरी. घरचं बरं होतं. मुलगा संतोष बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. तात्यांचं एक वेगळेपण होतं — बेणं. बेणं म्हणजे पुढच्या लागणीसाठी राखलेला ऊस. विहिरीजवळचं एकरभर रान ते त्यासाठीच ठेवायचे. रोगट दिसलं की ते बेट उपटून टाकायचे, आणि कुठल्या सरीत कुठला ऊस हे त्यांना पोरांच्या जन्मवारासारखं पाठ. निम्मं गाव त्यांच्याकडून बेणं न्यायचं. कुणी पाहुणा आला की आधी पाणी नाही, चहा नाही — “चला, बेणं दावतो.”

कारखान्याला घालायचा ऊस होता कालव्याकडच्या रानात. त्याची नोंद धरायची होती. मी भिगवणला बसून नकाशात तात्यांचं रान शोधलं. वरून सगळं हिरवंच. विहीर तेवढी ओळखू आली — गोल, काळी. मला वाटलं हेच. अंगठ्यानं चारी बांध फिरलो. शेतकरी समक्ष हजर? होय. आणि काट्याला लागलो — माशाच्या.

जानेवारीत टोळी आली. तात्या त्या दिवशी लेकीकडं इंदापूरला गेले होते, संतोष सुट्टी म्हणून घरी होता. मुकादमानं संतोषला फोन दाखवला, ठिपका विहिरीजवळ. संतोषला रानातलं फारसं कळत नव्हतं. फोनवर आहे म्हटल्यावर त्यानं हो म्हटलं. संध्याकाळी तात्या एसटीतून उतरून वस्तीवर आले तेव्हा बेण्याचं रान सपाट होतं. पाचट तेवढं पडलेलं. पंधरा दिवसांत ते बेणं लागणीला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याच्या गट ऑफिसला आले. संतोष मागं. तात्यांनी आरडाओरडा केला नाही. अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सायेब, ह्यो दत्तोबा माझ्या रानात आलाच न्हाय. आला आसता तर मी बेणं दावलं आसतं की त्येला. सगळ्यास्नी दावतो.”

याहून मोठा पुरावा जगात कुठला असेल? पण तो कागदावर नव्हता.

अधिकाऱ्यांनी माझा फोन मागितला. बॅटरी संपून तो बंद पडला होता. चार्जरला लावून चालू केला. काळा पडदा आला, उघडं कुलूप — एक, दोन, तीन, चार, पाच. अधिकारी तेवढ्यात कुणाला तरी चहा सांगत होते. मग नोंद उघडली. तारीख, सकाळचे दहा वीस, विहिरीजवळचा ठिपका, शेतकरी समक्ष हजर — होय. त्यांनी फोन संतोषकडं वळवला.

संतोष बापाला म्हणाला, “तात्या, फोन कसा खोटं बोलंल? इसरला आसाल तुमी.”

तो वाईट नव्हता. फोन खोटा ठरला असता तर रानात टोळी सोडणारा तो ठरला असता.

मी तिथं बोलू शकलो असतो. काय गेलं असतं? नोकरी. दुसरं काही नाही. किंवा नुसता गप्प बसलो असतो, तरी ठिपक्यानं माझं काम केलंच होतं. पण मी पडलो गोष्टी सांगणारा. मीठ घातल्याशिवाय माझ्या हातून काही उतरत नाही.

मी म्हणालो, “तात्या, आठवा की. तुमच्या टाचंत बाभळीचा काटा मोडला हुता. विहिरीच्या काठाला बसला तुमी. माझ्या शर्टाचं बटण तुटलं हुतं, तितं लावल्याली पिन काढून मी दिली. तुमीच म्हणला, दत्तोबा, मला चालवत न्हाय, ह्योच प्लॉट धर.”

बटण कुणी मागितलं होतं? पिन कुणी मागितली होती?

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. एखादं नाव आठवत नसलं की माणूस बघतो तसं. मग त्यांनी वहाण काढली, भिंतीला हात टेकून पाय उचलला आणि टाच बघितली. शेतकऱ्याची टाच — भेगा, घट्टे, पन्नास काट्यांच्या खुणा. त्यातली कुठलीही असू शकली असती.

“आसंल बाबा,” ते म्हणाले. “आसंल.”

पुढचं कानावर येत राहिलं. मी विचारायला गेलो नाही. संतोषनं त्यांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तात्यांनी डॉक्टरांच्या आधी केले. तरी गोळी चालू झाली, असू द्यावी म्हणून. मग मोटारीची — म्हणजे विहिरीवरच्या पंपाची — किल्ली संतोषकडं गेली, चुकून चालू राहिली तर? मग लुना गेली. बेणं तात्यांनी पुन्हा राखलं नाही. गाव दुसरीकडून आणायला लागलं, कुणाला काही वाटलं नाही. म्हातारा इसराळू झालाय, एवढंच. कुणी काही सांगितलं की तात्या ‘आसंल’ म्हणायला लागले. दूध घातलं की नाही, आज वार कुठला, पाण्याची पाळी कुणाची — आसंल.

मला कुणी काढलं नाही. वर्षभरानं मीच सोडलं, एमआयडीसीत एका दूध प्रकल्पात स्टोअरचं काम मिळालं, पगार बरा होता. तो फोन कपाटात आहे. मध्ये एकदा चालू करून बघितला. पाच सेकंद.

मागच्या वर्षी संतोषच्या मुलीचं बारसं होतं. एमआयडीसीत रोज भेटतो म्हणून त्यानं बोलावलं. जायला नको होतं, पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? मंडपात तात्या खुर्चीवर होते, पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी लांबूनच हाक मारली.

“ये दत्तोबा! हितं ये.” आणि शेजारच्या पाहुण्यांना सांगायला लागले, “लई मायेचा माणूस ह्यो. रानात आलता माझ्या. चैताचं ऊन. माझ्या टाचंत काटा मोडला, बाभळीचा. ह्येनं सोताच्या शर्टाची पिन काढली. रगत आलं तर रुमालानं पुसलं, आन् खांद्याला धरून विहिरीपसनं घरापातूर आणलं मला.”

रुमाल माझा नव्हता. खांदाही नाही. ते त्यांनी घातलं होतं.

पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. संतोष पेढ्याचा बॉक्स घेऊन मागं उभा होता. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, “ह्येवढं एकच त्यास्नी नीट आठवतं बघा.”

तात्यांनी वहाण काढली होती. गुडघ्यावर पाय घेऊन टाच माझ्याकडं केली आणि एका भेगेवर बोट ठेवलं.

“हितंच ना रं?”

मी वाकलो. नीट बघितल्यासारखं केलं.

“व्हय तात्या,” म्हणालो. “हितंच.”