लातूरची कुलूपबंद केमिस्ट्री

अकरावी-बारावीच्या मैत्रिणी भेटल्या की केमिस्ट्रीचे किस्से निघतातच. एकीनं एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात. बाकीच्या हसतात. मला अजून राग येतो, म्हणून मीच जास्त सांगते.

मी निलंग्याची. माझी रूम पार्टनर शिल्पा लोह्याची. दोघी लातूरला आलो ते डॉक्टर व्हायला. निदान घरच्यांचं तसं ठरलं होतं.

*

ॲडमिशनच्या दिवशी क्लार्कनं माझ्या अण्णांना लॅब दाखवली. काचेतून. दाराला कुलूप होतं. आत रांगेनं बाटल्या, चकचकीत नळ. अण्णांचं किराणा दुकान, त्यामुळं मांडणी बघूनच ते खूश झाले.

"पोरी रोज हितं काम करणार का?" त्यांनी विचारलं.

क्लार्क म्हणाला, "रोज."

अण्णांनी ते निलंगाभर सांगितलं. पुढची दीड वर्षं ते कुलूप एकदाही निघालं नाही.

*

प्रयोग मात्र आम्ही सगळे केले. वहीत. केमिस्ट्रीचे सर वर्गात डिक्टेट करायचे, ज्योत हिरवी झाली, नळीच्या तळाशी पांढरा साका बसला, आणि आम्ही लिहून घ्यायचो.

एकदा शिल्पानं विचारलं, हिरवी म्हणजे कसली, पोपटी का गडद?

सर म्हणाले, "मार्क 'हिरवी' लिहिल्याचे आहेत."

वर्ग हसला. मीपण हसले. त्याची चीड अजून गेलेली नाही.

*

पुढच्याच आठवड्यात शिल्पाला हुशारांच्या पहिल्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं. टेस्टला तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. आम्ही दोघी सरांकडं गेलो. त्यांचं म्हणणं, ही प्रश्न विचारते, बाकीच्यांचा टाइम जातो.

आम्ही खोलीवर आलो. बूट काढता काढता शिल्पा म्हणाली, "मी टाइम खायलेय म्हणे. मग आले कशाला मी हितं?"

माझी बॅच पहिलीच राहिली होती.

*

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला लॅब उघडली. बाटल्यांवर धूळ, निम्म्या ब्युरेटचे, म्हणजे मापाच्या काचनळ्यांचे, नळ घट्ट बसलेले. बाहेरगावचे परीक्षक प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहे खात होते. तेवढ्यात सर आमच्यात फिरून हळूच सांगून गेले, टायट्रेशनचं रीडिंग सगळ्यांनी दहा लिहा.

आम्ही लिहिलं. शिल्पानं खरंच टायट्रेशन केलं. आयुष्यात पहिल्यांदा. जांभळं पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडत, गुलाबी रंग टिकेपर्यंत. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा चौदा पॉइंट दोन. तिनं तेच लिहिलं.

परीक्षक आले, सगळ्यांचं दहा आणि शिल्पाचं चौदा बघून तिला म्हणाले, "चुकलंय."

"रीडिंग बरोबर आहे सर," शिल्पा म्हणाली. "बाटलीतलं द्रावण जुनं होऊन कमजोर पडलंय, म्हणून जास्त लागतं."

सरांचा चेहरा उतरला. परीक्षकांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः टायट्रेशन करून बघितलं. आम्ही सगळ्या माना वळवून ब्युरेटकडं बघत होतो. चौदा पॉइंट दोन.

त्यांनी आधी सरांकडं बघितलं, मग दाराकडं. मग खालच्या आवाजात शिल्पाला म्हणाले, "खोड ते. दहा लिही."

शिल्पानं आपला पेन त्यांच्यापुढं धरला.

"मी न्हाई लिहिणार सर. तुम्ही लिहा."

त्यांनी पेन घेतला, चौदा पॉइंट दोन खोडलं, आणि दहा लिहिलं.