कानसेनला ऐकू येईनासं झालं तेव्हा

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जंगलाच्या तोंडाशी जे निसर्ग केंद्र आहे, तिथे तो गाईड म्हणून नवा नवा लागला तेव्हाच्या वनाधिकाऱ्यांनी ते ठेवलं. साहेबांना गाण्याचा भारी नाद, पण गळा बेताचा. ‘तानसेन नाही होता आलं, निदान कानसेन तरी व्हावं,’ असं ते स्वतःबद्दल म्हणायचे. एकदा दाट धुक्यात, समोरचं झाडसुद्धा दिसत नसताना, या नव्या गाईडने नुसत्या आवाजावरून फांद्यांवर कोण कोण बसलंय ते सांगून टाकलं. धुकं विरलं, साहेबांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, “खरा कानसेन तू रे बाबा. मी आपला उगाच.” नाव चिकटलं ते चिकटलंच. साहेब बदलून गेले, गाईडचे केस पिकले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तरी केंद्रावर त्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो दुसऱ्यालाच बोलावतायत असं समजायचा.

त्याच्याकडे मुख्यतः शाळांच्या सहली असत. बारमाही हिरवं जंगल डोळ्यांनी दिसत नाही, ही त्याची पहिली शिकवण. पाच-दहा पावलांवर हिरवी भिंत उभी असते. मोठं जनावर बघायच्या आशेने आलेली माणसं तासाभरात कंटाळतात आणि फोन काढतात. म्हणून तो पोरांना एका पडक्या खोडाजवळ उभं करायचा, डोळे मिटायला लावायचा आणि दोन्ही मुठी पुढे धरायला सांगायचा. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडायचंच, “काका, बोटं संपली!” त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, “मग बूट काढ, पायाची उघड.” पोरं खिदळायची. हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता, की तोंड आपलं आपण बोलून मोकळं व्हायचं.

एके दुपारी असाच एक वर्ग घेऊन तो चढावर पोचला, तर मागून येणाऱ्या सगळ्या पोरांनी कानांवर हात ठेवलेले. त्याला वाटलं, काहीतरी खेळ काढलाय. मग पाहिलं तर बाईंनीही एक कान दाबून धरला होता.

“काका, केवढं ओरडतायत ते!” दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. “कानात दुखतंय माझ्या.”

“कोण ओरडतंय?”

“ते काय, झाडावरचे!”

त्याने वर पाहिलं. सालीला चिकटून बसणारे, अंगठ्याएवढे किरकिरे किडे होते ते. ऊन आलं की सगळे मिळून जंगल डोक्यावर घेतात. त्यांची पोटं थरथरताना त्याला स्पष्ट दिसत होती. आवाज नव्हता. बंद खिडकीआड कुणी भांडताना दिसावं, तसं.

त्याने सवयीने माहिती सांगितली. ओरडतात ते नर, मादीला बोलावतात, ऊन कलल्यावर गप्प होतात. पोरांनी माना डोलावल्या. त्याला ऐकू येत नाही, हे कुणाला कळलं नाही. आपल्याला आत्ता भीती वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं. वाटली नाही. खाली उतरल्यावर त्याने बूट धुतले, मोज्यांतल्या जळवा झटकल्या आणि घरी गेला.

त्याची बायको केंद्राच्या पाहुणेघरात चादरी-टॉवेलांचं बघायची. ती घरीही घड्या घालत बसली होती.

“अगं, मला ऐकू कमी येतं का?”

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. “आज कळलं होय? अहो, कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजायच्या बंद केल्या त्याला वर्ष होईल. फोन वाजत राहतो आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. मला वाटलं, या वयात पुरुषमाणसं कानाडोळा करायला लागतात, त्यातलंच असेल.”

“मग सांगायचंस ना.”

“सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नसेल.”

बोलता बोलता तिला हसू आलं, आणि त्याचा चेहरा पाहून ते अर्ध्यावरच थांबलं. तो रागावला नव्हता. नुसता बघत होता.

तिनेच त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका काचेच्या खोलीत बसवून, कानांवर गोळे लावून, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तो बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसला. काचेपलीकडची तरुण डॉक्टर एकेक कळ फिरवत होती आणि कागदावर ठिपके काढत होती. ठिपके जोडून झालेली रेघ आधी सपाट चालत होती, मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली.

“वरचे, बारीक सूर गेलेत,” ती म्हणाली. “वयाने जातात. बोलणं मात्र चांगलं ऐकू येतंय अजून. काय काम करता तुम्ही?”

“गाईड आहे. जंगलात.”

“मग बरंय. शांत जागा.”

त्याने मान डोलावली. बायकोने तोंड उघडलं होतं, तेही मिटलं.

कानाचं यंत्र घेतलं. पहिल्या दिवशी ते लावून जंगलात गेला, तर शर्टाची कॉलर घासल्याचा आवाज करवतीसारखा. पानांवरून पाणी ठिबकलं की डबे कोसळल्यासारखं व्हायचं. पक्षी होते त्यात कुठेतरी, पण सगळ्यांचा मिळून एकच पत्र्यासारखा कर्रर्र. चार दिवस त्याने नेटाने लावलं. मग यंत्र पेटीत गेलं आणि पेटी कपाटात.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते त्याला नीट सांगता आलं नसतं. काम अडलं नाही, हीच खरी गंमत. कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी कोण बोलतं ते त्याला पाठ होतं. मोठे आवाज अजून येत होते. धनेशाच्या पंखांची घरघर, सुताराची ठकठक, माकडांची हाक. बारीक आवाजांच्या जागी तो थांबायचा, बोट वर करायचा. “ऐका... ऐकलंत?” ज्यांना ऐकू आलं ती पोरं माना डोलवत, ज्यांना नाही आलं तीही डोलवत. तोही त्यांच्यातलाच एक. सकाळी उठावं, जावं, बोट वर करावं, परत यावं. जेवणाला चव होती की नव्हती, हे बायकोने विचारल्यावर आठवून सांगावं लागायचं.

त्याच सुमाराला केंद्राला नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. धावपळ्या, सगळ्यांशी गोड, जंगलाबद्दल मनापासून बोलणारा. वाटेवर फळ्या टाकल्या, बेडकाच्या तोंडाच्या कचरापेट्या आणल्या. सगळ्या गाईडांना बसवून म्हणाले, “लोक आले तरच जंगल टिकेल. पलीकडचा डोंगर आठवतोय ना? तिथे कुणी जात नव्हतं. कापला गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही.”

हे खरं होतं. कानसेनने तो डोंगर हिरवा असताना पाहिला होता. पण लोक आले की दर पावसाळ्यानंतर वाट हातभर रुंद झालेली असते आणि कडेची नेची तुडवली गेलेली असतात, हेही खरं होतं. दोन्ही खरी, आणि एका घरातल्या दोन जावांसारखी एकमेकींशी न बोलणारी. पूर्वी तो यावर तासन् तास वाद घालायचा. पोरं इथे एकदा येऊन गेली की मोठेपणी जंगल वाचवतील, असंही तेव्हा ठासून सांगायचा. आता त्याला वाटे, मोठेपणी ती जे करायचं ते करतील. जळू चावल्याचं तेवढं लक्षात ठेवतील.

व्यवस्थापकांनी प्रत्येक गाईडला एक छोटा स्पीकर दिला. त्यात पक्ष्यांचे आवाज भरलेले. वाजवला की त्या जातीचा पक्षी समोर येतो, मुलं खूश. आधीचा कानसेन असता तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. या कानसेनने हूं की चूं केलं नाही. स्पीकर खिशात टाकला. तो वाजतोय की नाही हे त्याला कळायचं नाही, पण वाजताना एक लाल दिवा लागायचा, तेवढं पुरत होतं.

चढाच्या वळणावर केशरी छातीच्या माशीमार पक्ष्यांची एक जोडी होती. तिथे दिवा लागला की नर हमखास समोरच्या फांदीवर यायचा. पोरं टाळ्या पिटायची. येणाऱ्या प्रत्येक सहलीला, त्याच वळणावर, तोच पक्षी. कानसेनलाही ते सोयीचं होतं. निदान एक पक्षी तरी तो खरोखर दाखवत होता.

एकदा एका मुलीला जळू लागली होती, म्हणून ती फुरंगटून मागे उभी होती. बाकीची पोरं ‘आला, आला’ करत असताना ती म्हणाली, “काका, तो चिडलाय.”

“नाही गं. भेटायला आलाय तुम्हाला.”

“नाही. मी दादाच्या खोलीत गेले ना, की तो असाच येतो अंगावर.”

कानसेनने नीट पाहिलं. चोच उघडी, गळा थरथरतोय, पंख खाली पाडलेले, आणि तो एवढासा जीव पुन्हा पुन्हा झेप घेतोय ती थेट त्याच्या खिशाच्या रोखाने. त्या खिशात दुसरा नर बसलाय, आपली जागा बळकवायला आलाय, असं त्याला वाटत होतं. हे कानसेनला ठाऊक नव्हतं असं थोडंच? दुसऱ्या गाईडांना त्याने हेच समजावलं होतं, कधीकाळी. त्याने खिशात हात घालून बटण दाबलं. दिवा विझेपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सहल यायच्या आधी तो एकटाच वर गेला. वळणावरच्या मातीच्या कडेत, नेच्याच्या मुळांखाली घरटं होतं. अंडी होती. हात लावला तर गार. मुंग्या फिरत होत्या. लागून राहिलेल्या पावसातही पक्षी घरटी सोडून देतात, हे त्याला माहीत होतं. या वेळी पाऊस तसा लागून राहिला नव्हता, हेही माहीत होतं. तो तिथे उकिडवा बसला, आता तरी आपल्या आत काहीतरी हलेल म्हणून वाट बघत. पाय तेवढे अवघडले. अंड्यांपेक्षा, आत काहीच हललं नाही याचंच त्याला जरा भय वाटलं.

खाली येऊन त्याने स्पीकर व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला.

“काय झालं, काका? बिघडला?”

“मला ऐकू येत नाही. बारीक आवाज मुळीच नाही. बरेच दिवस झाले.” मग अंड्यांचं सांगितलं.

व्यवस्थापकांनी स्पीकर उचलून उलटसुलट करून पाहिला. “पण तुमच्याबद्दल एकही तक्रार नाही आली.”

“यायची कशी? मी सांगतो ते पोरांना खरं वाटतं.”

“मला कुणीतरी सांगायला हवं होतं, की विणीच्या दिवसांत हे वाजवायचं नसतं.”

“मीच सांगायला हवं होतं,” कानसेन म्हणाला.

व्यवस्थापकांनी स्पीकर खणात टाकला. बाकीच्यांचेही परत मागवतो म्हणाले, आणि मागवलेही, जरा उशिराने. मग विचारलं, “तुम्ही आता इथे माहिती दालनात बसाल का? लोकांना समजावून सांगायला?”

“बसतो. पण आज एक शाळा यायची आहे. ती करून येतो.”

शाळा आली. नेहमीच्या खोडाजवळ पोरं उभी राहिली. कानसेनने बोटं मोजायला सांगितलं नाही. म्हणाला, “मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुम्ही ऐका आणि मला तोंडाने करून दाखवा. मग मी सांगायचा प्रयत्न करतो.”

पोरांना आधी वाटलं, काका गंमत करतायत. मग बाईंचा चेहरा पाहून ती गप्प झाली. आवाज नुसता ऐकून भागणार नव्हतं, पोचवायचा होता, म्हणून जरा जास्तच गप्प. शेवटी एका जाड्या मुलाने ओठ पुढे काढले आणि “टी-टी-टिरिक” असं केलं. सगळे खो खो हसले. पण त्या जाड्या गळ्यातून आवाज खालच्या सुरात उतरला होता, आणि कानसेनला ऐकू आला.

“शेवटी वर जातो की खाली?”

“खाली!”

“नाही हो काका, वर! हा चुकीचं करतोय!”

भांडण लागलं. बाईंनी मध्ये पडून, लाजत, स्वतः शीळ घालून पाहिली. “वरच जातो,” त्या म्हणाल्या.

“मग शिंजीर,” कानसेन म्हणाला. “मधाचं फूल असेल जवळपास, शोधा.” फूल सापडलं, शिंजीरही दिसला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “कसं झालं?”

“झालं.”

“म्हणजे?”

“पोरांनी आवाज काढले. काही ओळखले मी.” त्याने थोडा विचार केला. आपल्याला बरं वाटलं का, हे त्याला सांगता येईना. “भूक लागलीय,” तो म्हणाला. तिने पुढे काही न विचारता ताट वाढलं.

दालनात तो बसतो, पण आठवड्यातून एखादी लहान सहल व्यवस्थापक त्याच्याकडे देतात. सोबत नीट कानांची एक नवी गाईड असते. पोरं आवाज काढतात, तो नावं सांगतो. कधी बरोबर येतं, कधी ती बिचारी हळूच मान हलवते आणि तो नाव बदलतो. वळणावर या हंगामात माशीमार आहेत की नाहीत, हे त्याने तिला विचारलेलं नाही. तीही आपण होऊन सांगत नाही.

मागे एका वर्गाने एक आवाज आणला. लांबलचक, मध्ये तुटणारा, शेवटाला गुळणी केल्यासारखा. एकाने करून दाखवला, मग दुसरीने, मग सगळ्यांनी एकसुरात, आणि सगळ्यांचं एकमत की अगदी असाच होता. नवी गाईड मागे राहिलेल्या पोरांना आणायला गेली होती, तिने तो ऐकला नव्हता. कानसेनने इतक्या वर्षांचे सगळे पक्षी, बेडूक, खारी मनात ओळीने उभे केले. एकही जुळेना.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

“माहीतच नाही?” एका पोराने डोळे मोठे केले.

“नाही.”

“मग आता?”

“आता पुढे चला. फळ्या ओल्या आहेत, पाय बघून टाका.”