कोतवाल बुकातली न उघडलेली पाने

कचेरीतले जुने दप्तर स्कॅन झाले, तेव्हा पाने सुटी करून देण्याचे काम माझ्याकडे होते. गावोगावचे जन्म, मृत्यू आणि जात लिहिलेली कोतवाल बुके ओलीने चिकटली होती. बांबूच्या कामटीने एकेक पान सोडवावे लागे. एका बुकाची शेवटची पाने मी कंटाळून सोडवलीच नाहीत. आतली शाई दिसत असूनही यादीत ‘पाने कोरी’ लिहून सही केली. पुढे ते बुक वाळवीने खाल्ले.

मग मंगरूळपीरच्या बसने एक मजूर आला; त्याच्या गावचे बुक तेच होते. मुलीच्या नर्सिंग प्रवेशाला जातीचा पुरावा म्हणून त्याला आजोबांची नोंद हवी होती.

“संगणकात नाही,” मी म्हणालो.

“कागदात पाहा ना, साहेब. मशीनले काय मालूम माहा आजा कोन होता?”

“कागदही कोरेच होते.”

प्रवेश हुकला. मुलगी आईबापासोबत ऊसतोडीला गेली.

निवृत्तीनंतर परवा मी त्यांच्या घरी जाऊन खरे सांगितले, लेखी जबाबही दिला. मुलीने कागद वाचून घडी केली.

“तवाच काहून नाही सांगतलं, बाबाजी?”

नोकरी जाईल म्हणून भ्यालो होतो, एवढेच मला सांगता आले.