ती ताटली नाही

“ती ताटली नाही.”

ऑडिटर साहेब माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आणि ते बोलेपर्यंत मी त्या ताटलीत पसाभर शेंगांची टरफलं टाकून मोकळा झालो होतो.

आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. संस्थेची कागदं घेऊन केजला त्यांच्या क्वार्टरवर गेलो होतो. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, भाजलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. बाजूच्या स्टुलावर एक पिवळीधमक, गोल, काठाची प्लास्टिकची वस्तू पडलेली. आता शेंगांच्या शेजारी अशी वस्तू दिसल्यावर तुम्ही काय केलं असतं? मी सोलत गेलो, टाकत गेलो. साहेब समोर बसून नुसते पाहत होते. शेवटची शेंग संपल्यावर त्यांनी ते वाक्य उच्चारलं.

मग त्यांनी टरफलं कागदावर ओतली, ती वस्तू स्वतःच्या रुमालाने पुसली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवला.

“ही फेकायची असते,” ते म्हणाले.

“द्या की साहेब, मी जाताना उकिरड्यावर टाकतो,” मी तत्परतेने म्हणालो.

त्या माणसाने मला त्याच वेळी घराबाहेर काढलं नाही, यातच त्याचा मोठेपणा आला.

सहकार खात्याचे हे ऑडिटर म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या सोसायट्यांचा थरकाप. उंच, वाळलेले, भर उन्हाळ्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. संस्थेत आले की पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा, पेनसुद्धा स्वतःचं. “चहा नको” हे ते दारातच सांगत, चपला काढायच्या आधी. एकदा आमच्या शिपायाने त्यांची खुर्ची जरा जास्तच मन लावून पुसली, तर त्याच्याकडेही त्यांनी संशयाने पाहिलं. आमचे चेअरमन म्हणायचे, “ह्यो मानूस हाय का मोजपट्टी?”

या मोजपट्टीची मुलगी अमेरिकेत होती. एका वर्षी साहेब आणि वहिनी तिच्याकडे राहून आले. लोक तिकडून येताना चॉकलेटं आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. साहेब चकत्या घेऊन आले.

मुलीच्या घराजवळच्या बागेत म्हणे जागोजागी लोखंडी खांब होते. खांबाला साखळ्या लोंबत्या, खाली टोपली. लांबून चकती फेकायची, ती साखळ्यांना धडकून टोपलीत पडली पाहिजे, तीही कमीत कमी फेकींत. म्हणजे गोल्फच, पण काठी-चेंडूऐवजी चकती. साहेब रोज बाकावर बसून बघायचे. एके दिवशी एका म्हाताऱ्या गोऱ्याने आपली नारिंगी चकती त्यांच्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, फेका. साहेबांनी फेकली.

“मग?” मी विचारलं.

साहेबांनी खिडकीबाहेर लांब हात केला. मग म्हणाले, “गेली ना ती.”

हिशेबातली एका रुपयाची तफावत पानभर समजावून सांगणारा माणूस याहून जास्त काही सांगू शकला नाही.

त्यानंतर त्यांचा संग्रह वाढतच गेला. मुलगी पाठवायची, येणारे-जाणारे आणायचे. लोखंडी ट्रंकेत एकावर एक चकत्या आणि मध्ये मध्ये वहिनींच्या जुन्या लुगड्याचे तुकडे, ओरखडे पडू नयेत म्हणून. टरफलांचं प्रायश्चित्त म्हणून असेल, पण मला ती ट्रंक बऱ्याचदा बघायला मिळाली. “हिचा काठ बघा, धारदार. ही लांब जाते. हिचा बोथट, ही जवळून टाकायची, अलगद बसते.” प्रत्येकीच्या पोटाशी वजन लिहिलेलं. दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले की वाऱ्यात तिचं वागणं बदलतं, म्हणत. उजव्या हाताने फेकलेली नवी चकती वेग संपता संपता डावीकडे वळते. झाडांना, दगडांना धडकून धडकून जुनी झाली की सरळ जायला लागते, आणि फारच मार खाल्ला की उजवीकडे कलते.

“माणसासारखंच की,” मी उगाच शहाणपणा केला.

“नाही,” साहेब म्हणाले. “प्लास्टिकसारखं.”

त्यांनी मला इतिहासही सांगितला. पूर्वी तिकडे बेकरीवाल्यांच्या पत्र्याच्या ताटल्या असत. कॉलेजची पोरं रिकाम्या ताटल्या एकमेकांकडे भिरकावायची. पुढे त्या प्लास्टिकच्या झाल्या. मग कुणीतरी काठ उतरता केला, चकती हवा कापत लांब जायला लागली, आणि झेलायची चकती वेगळी, ही वेगळी असं झालं.

“म्हणजे मुळात ताटलीच होती की साहेब!” मला फार हुरूप आला.

“होती,” ते म्हणाले. “आता नाही.”

त्या म्हाताऱ्याकडे होती तसली नारिंगी चकती मात्र ट्रंकेत नव्हती. तिच्या काठाच्या खालच्या कडेला केसाएवढा कंगोरा होता. कंपनीने पुढे साचा बदलला आणि कंगोरा काढून टाकला. “नाव तेच, रंग तोच. पण ती चकती संपली,” साहेब सांगत. जुन्या साच्यातली कुठे निघालीच, तर शौकीन लोक तिच्यावर तुटून पडत. मुलीने किंमत कळवली तेव्हा साहेबांनी फोन ठेवला आणि वहिनींना म्हणाले, “तेवढ्यात दारात म्हैस येईल.” हे ते कुणालाही सांगत. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, तर हे कशाला लपवतील?

मग दुष्काळ पडला. आमच्या गावचा तलाव पार तळाला गेला, गाळाला भेगा पडल्या. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून आम्ही रिकाम्या हंड्यांशेजारी बसायचो आणि साहेब संध्याकाळी मोटरसायकलवरून तलावात उतरायचे. एवढी मोकळी, सपाट जागा त्यांना जन्मात मिळाली नसती. मधोमध त्यांनी एक खांब रोवला होता. जनावरं विकली गेलेली, गोठे ओस, त्यामुळे नांदूरघाटच्या बाजारात दावणीच्या साखळ्यांचा ढीग लागला होता. त्यातल्याच साखळ्या खांबाला टांगलेल्या. चकती लागली की खळ्ळकन आवाज व्हायचा आणि पाण्याच्या रांगेतली एखादी म्हातारी दचकून मागे बघायची, दावं तोडून कुठलं जनावर आलं म्हणून.

“सायेब ताटल्या कावून फेकायलेत?” बाया विचारायच्या.

मी गंभीरपणे सांगायचो, “त्या ताटल्या न्हाईत.”

त्याच उन्हाळ्यात आमच्या संस्थेने चारा छावणी काढली. छावणीत जनावरं होती, नाही असं नाही. पण कागदावर त्यांच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि चारा कागदावरच्या जनावरांच्या हिशेबाने मिळत होता. तपासणीला खात्याने नेमके आमचे साहेब पाठवले. संस्थेत सुतक पडलं. चेअरमन मात्र शांत. त्यांचा पुतण्या परदेशात होता.

तपासणीच्या दिवशी छावणीच्या मांडवात चेअरमननी साहेबांचा सत्कार मांडला. शाल साहेबांनी हातानेच परत केली, नारळ टेबलावर सरकवला, आणि “चहा नको” तर येतानाच सांगून झालं होतं. मग चेअरमननी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं.

साहेबांनी टॉवेल उघडला. आत नारिंगी चकती होती.

त्यांनी ती उलटी केली. काठाच्या खालच्या कडेवर अंगठा टेकवला आणि अंगठा हळूहळू पूर्ण फेरी मारून आला. मांडवात कुणी हललं नाही. चेअरमननी आदल्या दिवशी माझ्यासमोर तालीम केली होती: साहेब नाही म्हणतील, मग आपण म्हणायचं ही लाच न्हाई, शोभेची वस्तू हाय, मग ते पुन्हा नाही म्हणतील, मग पुतण्याच्या प्रेमाचा दाखला द्यायचा. निदान तासाभराचं बोलणं त्यांनी पाठ केलं होतं.

साहेबांनी चकती आपल्या पिशवीत ठेवली. डबा बाहेर काढला, चकती आधी ठेवली आणि वर डबा.

“चला, जनावरं दाखवा,” ते म्हणाले.

एखाद्या देवळात रोज जावं आणि एक दिवस मूर्तीने ताटातला पेढा उचलून तोंडात टाकावा, तसं झालं मला. पण चेअरमनची अवस्था माझ्याहून वाईट. साहेब पुढे गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

“घेतली बे यानं!”

“तुमीच तर दिली ना चेरमन?”

“दिली रं. पर त्यानं घ्यावी व्हय?” त्यांनी माझं मनगट सोडलंच नाही. “एवढाच एक मानूस होता आपल्याकडं.”

पुढचा धक्का संध्याकाळी बसला. साहेबांनी रांगेरांगेने फिरून जनावरं मोजली आणि जेवढी होती तेवढीच लिहिली. ना एक जास्त, ना एक कमी. सही केली, पेन खिशाला लावलं आणि पिशवी घेऊन निघाले. चेअरमन आधी नुसते बघत राहिले, मग खवळले. “म्हंजे? घ्याचं बी अन् कामबी न्हाई कराचं? ही कुटली रीत?”

छावणी दुसऱ्या संस्थेकडे गेली. जनावरांना काही फरक पडला नाही, दावणी त्याच होत्या, फलक बदलला. फरक पडला तो साहेबांना. चेअरमननी वर तक्रार केली की ऑडिटरने मौल्यवान वस्तू मागून घेतली.

चौकशीला मला साक्षीला बोलावलं. साहेब निवृत्तीला टेकलेले. एक शब्द फिरवला असता तरी सुटले असते, कारण बिल नाही, पावती नाही, आणि मूळ वस्तू म्हणजे चौकशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने जत्रेतलं खेळणं. मी साफ सांगितलं, साहेबांनी मागितली नाही. अधिकारी भला माणूस होता. त्याने साहेबांना वाट करून दिली.

“ही ताटली तुमच्या पिशवीत कुणी परस्पर ठेवली असेल, असं म्हणणं आहे का तुमचं?”

“ती ताटली नाही,” साहेब म्हणाले. “आणि मी स्वतः ठेवली.”

“मागितली होती?”

“नाही. पण घेतली.”

“मग जनावरांच्या आकड्यात काही सवलत?”

“आकड्याचा काय संबंध?” साहेब खरोखर चकित झाले. “दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

चकती लाखेचं सील लावून खात्याच्या कपाटात गेली. साहेबांना उरलेले महिने बीडला एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. निवृत्तीच्या दिवशी ना हार, ना भाषण. ज्या सोसायट्यांनी त्यांना आयुष्यभर चहा देऊ केला, त्यातला एकही माणूस फिरकला नाही. “ह्यो बी खानाराच निघाला,” एवढं बोलून लोक मोकळे झाले. खाणारे होते त्यांनी तर जरा जास्तच समाधानाने म्हटलं.

मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा क्वार्टर रिकामं होत होतं. ते मुलाकडे लातूरला निघाले होते. वहिनी ट्रंक आवरत होत्या. लुगड्याचा एक तुकडा घडी करून बाजूला ठेवलेला दिसला. मी तो उचलून द्यायला गेलो, तर म्हणाल्या, “राहू द्या. तो नारिंगीचा. मी केव्हाच फाडून ठेवला होता.”

माझ्याने राहवलं नाही. “साहेब, का घेतलीत?” मी विचारलं. मला वाटलं, काहीतरी सांगतील. चेअरमनचा डाव उघडा पाडायचा होता, पुरावा हवा होता, असं काहीतरी, जे मी गावात जाऊन छाती फुगवून सांगितलं असतं.

“मला हवी होती,” ते म्हणाले.

बस. एवढंच.

“निदान फेकलीत तरी का कधी?”

“एकदा. त्याच संध्याकाळी, तलावात.” शर्टाचं वरचं बटण त्या दिवशी उघडं होतं, हे मला तेव्हा दिसलं. ते उठले. रिकाम्या खोलीत, जिथे पंखासुद्धा काढून नेला होता, त्यांनी पाय तिरके टेकले, हात छातीशी मुडपला आणि सर्रकन मोकळा केला. हातात काही नव्हतं. तरी ते समोरच्या भिंतीच्या पार पलीकडे बघत राहिले, मान किंचित डावीकडे वळवत, आणि त्यांच्या तोंडावर असं काही हसू होतं की मी चपला घालून मुकाट्याने बाहेर पडलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती कुकरच्या झाकणाची रिंग बसवत होती. “एका प्लास्टिकच्या चकतीपायी, सांग,” मी म्हणालो, “आख्ख्या नोकरीचं नाव घालवलं. अन् त्याचं वाईट म्हनून वाटत न्हाई त्या मानसाला. उलटं हसतोय!”

“तुमाला कुनी काय दिलं असतं, तर तुमी भुलला असता?” तिने विचारलं.

मी विचार केला. मोटरसायकल म्हणावी, तर पाठ दुखते. सोन्याची अंगठी म्हणावी, तर खाज येते. झाकण बसलं, शिट्टी झाली, दुसरीही झाली.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमाला काय हवं ते मला बी सांगता याचं न्हाई. अन् मी तुमची बायको हाय.”