दाराच्या कडीला बांधलेला मोजा

हां, तर तो मोजा. काल तुम्ही गडबडीत उठलात, आणि इदवलच्या दाराच्या कडीला करड्या लोकरीचा मोजा का बांधलेला होता, ते सांगायचं राहूनच गेलं. वाळत घातला नव्हता तो. भीतीपोटी बांधला होता.

इदवल म्हणजे इदवल टपाल. आमच्या गावात इदवल तीन. एक मेंढरांचा, एक बसवाला आणि तिसरा हा. चौतीस वर्षं यानं आमच्या नांट-अ-व्रान गावच्या चढावर टपाल वाटलं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, तेव्हापासून घाबरट. मास्तरांनी हजेरीत नाव घेतलं तरी दचकायचा. मोठेपणी ती सगळी भीती कुत्र्यांपाशी जाऊन बसली. सात वेळा कुत्री चावलीत त्याला. पत्र टाकायचं, वळायचं, आणि आपण पळत नाही असं दाखवत पळायचं, ही त्याची चाल साऱ्या गावाला ओळखीची.

या सातातले तीन चावे एकट्या पेरोचे. पेरो हायल्वेनबाईंचा. वरच्या टोकाच्या घरात त्या एकट्या राहायच्या. कुत्रा केसाळ, तपकिरी, कोणत्या जातीचा ते देवालाच ठाऊक, एक कान उभा नि एक पडलेला. दारावर टकटक झाली की हा आतून गोळीसारखा सुटायचा आणि दारावर छातीएवढ्या उंचीला धडकायचा. एके सकाळी इदवलनं कडी वाजवली तर धडक नाही. पुन्हा वाजवली. काही नाही. आणि हा माणूस, जो कुत्रा नसलेल्या अंगणातही जपून पाऊल टाकायचा, तो दार ढकलून आत गेला. हायल्वेनबाई खुर्चीतच गेल्या होत्या, रात्रीच कधीतरी. पेरो त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेला. बाईंच्या भाचीनं परदेशातून फोनवर सांगितलं, कुत्र्याचं तुम्हीच काय ते बघा. इदवलनं बघितलं. टपालाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून घरी आणलं.

मी विचारलं, "लेका, तीनदा चावलेलं कुत्रं?"

म्हणतो, "म्हणूनच. याच्या चावण्याची सवय आहे मला. नवीन कोण शिकणार?"

त्याला आता पाच वर्षं झाली. इदवल निवृत्त झाला, पेरो नऊ-दहा वर्षांचा झाला, आणि यंदाच्या फेब्रुवारीत एका शनिवारी चॅपेलच्या चढावर पेरो चालता चालता आडवा पडला. मिनिटभरानं उठला, शेपूट हलवली, जसं काही घडलंच नाही. सोमवारी खालच्या मोठ्या गावात गुरांच्या दवाखान्यात नेला. गाडी मीच चालवली. 

डॉक्टरीण तरुण होती, सिओनेद नावाची. तिनं पोटाचा फोटो काढला नि सरळ सांगितलं. पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, गाठ आहे, संत्र्याएवढी. काढली तर वाचायची चांगली आशा आहे. पण काढायच्या आधी फुटली, तर आतल्या आत रक्त जाईल, आणि मग हातात फार तर तासभर.

"कशानं फुटते?" इदवलनं विचारलं.

"उडीनं. धडकेनं. जिना नको, धावणं नको. खरं सांगू का, त्याला फार आनंदसुद्धा होऊ देऊ नका."

मग तिनं पेरोचा ओठ वर केला आणि इदवलला हिरड्या दाखवल्या. "गुलाबी दिसल्या तर ठीक. पांढऱ्या दिसल्या तर असाल तसे निघा."

शस्त्रक्रियेचे तीन हजार आठशे पौंड. निम्मे आधी भरायचे, म्हणजे गुरुवारची वेळ पक्की. विमा नव्हता, आठवड्याला येणाऱ्या पेन्शनीत इदवल कोळसा नि बिस्किटं घेऊन सुखी होता. परत येताना गाडीत तो मागच्या सीटवर पेरोला मांडीवर घेऊन बसला, आणि दर वळणावर ओठ वर करून बघत होता. "गुलाबी," म्हणायचा. पुढचं वळण. "गुलाबी." चाळीस मिनिटं मी हा एकच शब्द ऐकला.

माझी नात मेलेरी संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसली. "इदवलमामा, हल्ली सगळे असंच करतात. एक पान बनवायचं, फोटो टाकायचा, काय झालंय ते लिहायचं. लोक जिथं असतील तिथून पैसे पाठवतात."

"सगळ्यांना दिसणार?"

"दिसलं नाही तर देणार कसे?"

इदवलचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं त्यानं गावातली पाकिटं वाहिली. कोणाला बँकेची ताकीद आली, कोणाला बाहेरच्या बाईचं पत्र आलं, सगळं त्याला पाकिटाच्या रंगावरून कळायचं, आणि एक शब्द कधी बाहेर फुटला नाही. तो म्हणाला, "हे पोस्टकार्ड झालं गं. वाटेत जो तो वाचणार."

"मामा, पेरोसाठी."

पेरो चुलीसमोर झोपला होता. इदवलनं त्याचा ओठ उचलून पाहिला आणि म्हणाला, "लिही. पण माझा फोटो नको. त्याचाच टाक. उभ्या कानाच्या बाजूनं."

मंगळवारी सकाळपर्यंत पानावर पंचेचाळीस पौंड जमले होते, तेही मेलेरीच्या मैत्रिणींचे. आमच्या गावानं पान वाचलं नव्हतं असं नाही. नऊ वाजेपर्यंत बेकरीत दुसरा विषय नव्हता. पण आमच्याकडे कोणाला मदत करायची तर पैसे पाकिटात घालायचे, सोबत काहीतरी भाजलेलं घ्यायचं, आणि जाऊन दार वाजवायचं. मोबाइलवर बोटानं ढकलून दिलेला पैसा म्हणजे आमच्या लोकांना तोंड फिरवून दिल्यासारखा वाटतो. ते पान सगळ्यांनी चॅपेलच्या फळ्यावरच्या सूचनेसारखं वाचलं, आणि निघाले.

पहिली बेकरीवाली डिलिस. एका हातात पाकीट, दुसऱ्यात मनुकांचा पाव. वाजवली कडी, टक टक टक.

पेरो झोपेतून सुटला आणि दारावर धडकला.

इदवलनं त्याला हवेतच कवेत घेतला, म्हणजे अर्धा घेतला. दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर बसून कुत्र्याचा ओठ उचलत होता. डिलिस म्हणाली, "अरे इदवला, त्याच्या दाताला काय झालं? मी तर पोटाचं ऐकलं होतं."

दुपारपर्यंत सहा वेळा टकटक झाली. सहा पाकिटं, चार पाव, आणि सहा वेळा तीच धडक. प्रत्येक वेळी इदवल ओठ उचलून बघायचा. मदत जसजशी दाराशी येत होती तसतसं कुत्र्याचं मरण जवळ येत होतं, आणि येऊ नका म्हणायची त्याला लाज वाटत होती. शेवटी त्यानं कागदावर लिहून दाराला लावलं, "कृपया दार वाजवू नका."

दहा मिनिटांत टकटक. आमच्या गायकमंडळींचा पुढारी एल्व्हेद, पहाडी आवाजाचा. "इदवल! दारावर कसला कागद लावलाय? म्हटलं बरा आहेस ना ते विचारावं!"

तेव्हा मला बोलावणं आलं. मी गेलो तर कागद फाडलेला आणि हा पायातला मोजा काढून कडीला गुंडाळत होता. एक पाय उघडा, बाहेर बर्फासारखा वारा. गाठ बसत नव्हती. मी बांधून दिली. पत्रं टाकायच्या पितळी झडपेच्या फटीत, ती खडखडू नये म्हणून, वर्तमानपत्र कोंबलं. म्हणालो, "तू आत त्याच्यापाशी बस. बाहेरचं मी बघतो."

बुधवारी सकाळपासून मी फाटकाशी खुर्ची टाकली. इदवलची जुनी टपालाची पिशवी फाटकाला अडकवली. जो येईल त्याला ओठावर बोट. पाकीट पिशवीत, पाव माझ्या मांडीवर, आणि आल्या पावली परत. डिलिस रागावलीच. कुजबुजत रागावली. "म्हणजे आत जायचं नाही? बघायचंसुद्धा नाही?"

"बघितलंस की त्याला आनंद होतो."

"कोणाला, इदवलला?"

"कुत्र्याला गं!"

"मग मी दिलं हे त्याला कळणार कसं?" हे मात्र तिनं अगदी खरं विचारलं. मी म्हणालो, मेलेरीच्या पानावर लिहायची सोय आहे. पुटपुटत गेली. समोरच्या सभागृहात बुधवारी दुपारी गाण्याची तालीम असते. पेरोला ती ऐकली की गळा काढून नाचायची सवय. एल्व्हेदनं तालीम रद्द केली आणि चाळीस दणकट पुरुष चहा पिऊन, बूट हातात घेऊन, मोज्यांवर घरी गेले. रस्त्यावर असा शुकशुकाट की मला खिडकीतून इदवलचं पुटपुटणं ऐकू येत होतं. गुलाबी. गुलाबी.

तीन वाजता मला जावंच लागलं. म्हातारपणी किती वेळ दम धरणार? दोन घरं पलीकडे डिलिसकडे गेलो, चार मिनिटांत परत निघालो. तेवढ्यात कुठल्या तरी परगावच्या पार्सलवाल्याची गाडी थांबलेली. पोरगा दाराशी उभा. कडीला मोजा बघून त्याला मजा वाटली असणार. त्यानं मुठीनं दार बडवलं. धडाधडा.

मी ओरडलो. उपयोग काय?

आतून धडक ऐकू आली. मग नखांचा आवाज. मग काहीच नाही.

दार उघडलं तर इदवल पेरोला पोटाशी धरून उभा. कुत्र्याची मान लोंबत होती. इदवलनं ओठ वर केला आणि मला दाखवला.  हिरड्या खडूसारख्या होत्या.

त्या चाळीस मिनिटांच्या रस्त्याला मी सत्तावीस लावली, आणि त्यातला एकही मैल मला आठवत नाही. फाटकावरची पिशवी मी निघता निघता ओढून घेतली होती एवढं आठवतं. मागून इदवलचा आवाज येत होता, हळू, टपाल वाटताना दारोदार बोलायचा तसा. "झालं, आलंच बघ. आता गिरणी. आता पूल. झालं, आलंच."

सिओनेद दाराशीच उभी होती. मेलेरीनं फोन केला होता. तिनं पेरोला घेतलं आणि धावतच आत गेली. खिडकीमागच्या बाईनं निम्म्या पैशांचं विचारलं. इदवलनं पिशवी उलटी केली. पाकिटं, पाकिटं, आणि त्यात एक पाव. बाई पावाकडे बघत राहिली. "राहू दे, नंतर बघू," म्हणाली, आणि पाणी आणून दिलं.

बसलो. भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्यानं वाजत होतं. इदवलच्या एका पायात मोजा नव्हता. काल कडीला बांधलेल्या मोज्याचा जोडीदार त्यानं हट्टानं दुसऱ्या पायात तसाच ठेवला होता. मोकळी पिशवी मांडीवर, आणि हाताचा अंगठा आपोआप वर जात होता, कोणाचा तरी ओठ उचलल्यासारखा.

"गेथिन," तो म्हणाला, "मी पान केलं नसतं तर कोणी आलं नसतं. कोणी आलं नसतं तर तो दारावर धडकला नसता."

मी माझा मफलर काढून त्याच्या उघड्या पायावर टाकला. 

तेवढ्यात मेलेरीचा फोन. "आजोबा, पान बघा." मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. दोन दिवस पंचेचाळीसवर अडकलेला आकडा शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे गेला होता. दार बंद झालं म्हणून गावानं घराघरातल्या पोरांना कामाला लावून मोबाइलवर पैसे द्यायचं शिकून घेतलं होतं. आणि प्रत्येकानं खाली लिहिलं होतं.

"टकटक. डिलिस. पाव मनुकांचा होता, गेथिननं खाल्ला असेल."

"टकटक. एल्व्हेद. हळू वाजवतोय."

"टकटक. मेंढरांचा इदवल. उठू नकोस, बाहेरूनच जातो."

पानभर टकटक. इदवल एकेक वाचत होता, जुन्या फेरीच्या क्रमानं नावं शोधत होता. वाचता वाचता त्यानं तोंडावर पिशवी धरली.

पाच वाजता सिओनेद बाहेर आली. टोपी घामानं भिजलेली. गाठ एका बाजूनं झिरपायला लागली होती, पण पूर्ण फुटली नव्हती. काढली. रक्त द्यावं लागलं. जिवंत आहे. गाठ कसली ते तपासून दोन आठवड्यांनी पत्र येईल, तोवर खात्री देत नाही.

ते दोन आठवडे, सांगतो तुम्हाला, त्या बुधवारपेक्षा वाईट. रोज सकाळी इदवल कोपऱ्यावर जाऊन नव्या टपालवाल्याची वाट बघायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना पाकिटं देणारा माणूस, आणि आता पाकिटाच्या रंगाकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं. पत्र आलं तेव्हा फोडायला माझ्याकडे आणलं. मी चष्मा शोधेपर्यंत तो दाराची चौकट धरून उभा. गाठ साधी होती. पुन्हा होणारी नव्हती.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. टाके निघालेत, पोटावरचे केस यायला लागलेत. खिडकीवर बोटानं वाजवलं, कारण कडीला मोजा अजून तसाच. आत पेरो गालिच्यावर उड्या मारत होता, आणि इदवल त्याच्यामागे ओणवा होऊन ओठ उचलायला बघत होता.

मी म्हणालो, "लेका, पत्र आलं, टाके निघाले, कुत्रं टुणटुणीत झालं. आता तरी तो मोजा सोड की. डिलिस विचारते, कडी कधी वाजवू?"

त्यानं पेरोला धरलं, हिरड्या पाहिल्या, आणि सावकाश उठून बसला.

"पेरो बरा झालाय, गेथिन," तो म्हणाला. "माझं अजून थोडं राहिलंय."